धरून ठेवलेली भिंत

मोकळ्या रानात मशीन चालवायची सवय लागली की गल्लीतलं काम नकोसं वाटतं. मी तोवर बहुतेक शहराबाहेरच खोदलं होतं. बुटीबोरीकडे कारखान्यांचे पाये, मोठ्या रस्त्यांच्या कडेच्या नाल्या, एक-दोन तलावांचा गाळ. तिथे चुकून बकेट कशाला लागलीच तर बाभळीला लागते, आणि बाभूळ काही भांडायला येत नाही. त्या उन्हाळ्यात मात्र ठेकेदारानं मला छोटी पोकलेन देऊन पाचपावलीच्या मागच्या अंगाला, विणकरांच्या एका जुन्या वस्तीत पाठवलं. गटाराची जुनी लाईन काढून नवी टाकायची होती. गल्ली इतकी अरुंद की मशीनच्या दोन्ही बाजूंना माणूस आडवा होऊनच जाऊ शकेल. वर विजेच्या तारा, खाली नळाच्या नळ्या, आणि दोन्हीकडे लोकांची दारं.

माझ्यासोबत खाली उभा राहून इशारे द्यायला छत्तीसगडचा एक मजूर होता. माझ्याच वयाचा, म्हणजे चाळिशीतला. तो मला उस्ताद म्हणायचा, आणि त्याचा हात वर झाल्याशिवाय मी लिव्हर हलवायचो नाही. कामावर एक तरुण इंजिनीअर होता. आवाज न चढवता बोलणारा, आणि उन्हात आमच्याइतकाच उभा राहणारा.

गल्ली जिथे वळते तिथे एक कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं घर होतं. वळणावर असल्यामुळे त्याची पुढची भिंत माझ्या अगदी समोर यायची. केबिनमध्ये बसलो की दिवसभर तीच दिसे. त्या घरात एक आजी-आजोबा राहत. पहिल्याच दिवशी आमची आणि आजीची वाजली, कारण लाईनीच्या आड येणारा तिच्या दारचा ओटा काढावा लागला. इंजिनीअरनं आधी सांगितलं होतं, तिनं हो पण म्हटलं होतं. तरी ओट्याला बकेट लागली तशी ती पदर खोचून मशीनपुढे आली.

"काहून गा, मशीनवाल्या? सारा ओटा उपटून राहिला! मी संध्याकाळी बसू कुठं? तुह्या मशीनवर?"

मी इंजिन बारीक केलं. "आजी, नवीन बांधून देणार आहेत."

"देणार आहेत, देणार आहेत," ती म्हणाली. "माह्या लग्नापासून ऐकून राहिली मी हे."

पण ती दारातून हलली नाही. दुसऱ्या दिवसापासून लाकडी पाट घेऊन उंबऱ्याच्या आत बसायची आणि आमच्यावर नजर ठेवायची. नळाची नळी कुठून जाते, शेजारच्याचा जुना शोषखड्डा कुठे होता, हे ती बसल्या जागेवरून ओरडून सांगे, आणि बहुतेक वेळा बरोबर असे. चार-पाच दिवसांनी तिनं मजुरासोबत माझ्यासाठी कैरीच्या पन्ह्याचा गिलास पाठवला. स्वतः माझ्याकडे बघितलंही नाही. आतून मागाचा आवाज यायचा. खट्-खट्, मग जरा थांबून पुन्हा खट्-खट्. मशीन बंद असेल तेव्हाच तो ऐकू येई. मला तो आवाज ओळखीचा होता.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी आम्ही नेमके त्या भिंतीपुढे खोदत होतो. इंजिनीअरनं सांगितलं होतं की इथे एकदम लांब खोदायचं नाही. थोडं खोदायचं, पाईप टाकायचा, बुजवायचं आणि मग पुढे सरकायचं. तसंच चाललं होतं. सकाळचं ऊन आधीच चटके देत होतं. मी बकेट वर उचलली तेव्हा खड्ड्याच्या कडेची माती मला वेगळी दिसली. वरची माती कोरडी भुरकट होती, पण खाली काळी माती ओली होती, लोण्यासारखी. कुठली तरी जुनी नळी, जिचा कोणालाच पत्ता नव्हता, कित्येक वर्षं तिथे पाझरत असावी. मी मजुराला हात करून दाखवलं. तो वाकून बघतो आहे तोच भिंतीच्या खिडकीखालून मातीची बारीक धार गळायला लागली. जशी गव्हाच्या पोत्याला भोक पडल्यावर गळते तशी.

मी वर बघितलं. खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत एक चीर गेली होती, आणि भिंतीचं पोट गल्लीकडे फुगलं होतं. भिंत पडली असती तर वरचे वासे आणि सगळे कवेलू आत आले असते. खिडकीतून मला आजी दिसत होती. गॅससमोर उभी राहून पोळ्या लाटत होती.

मी हॉर्न दाबून धरला. मजूर उडी मारून मागे झाला. समोरच्या घरच्यांनी खाटेवर गादी उन्हात टाकली होती, ती मी बोटानं दाखवली आणि ओरडलो, "बकेट पर डाल! बकेट पर!" त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं ती गादी उचलून बकेटच्या पाठीवर टाकली. मी बकेट आतल्या बाजूला वळवून घेतली, म्हणजे दात माझ्याकडे आणि गुळगुळीत पाठ भिंतीकडे, आणि बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, पुढे नेला. हळू, जितका हळू नेता येतो तितका. गादी भिंतीला टेकली. मी आणखी थोडा जोर दिला आणि थांबलो. मातीची धार थांबली.

तेवढ्यात आजी लाटणं हातात घेऊन खिडकीत आली.

"कायले बोंबलून राहिला? कान फुटले ना माहे!"

"आजी, मागच्या दारानं बाहेर निघा! आजोबांना घ्या! भिंत पडून राहिली!"

तिनं मान वर करून चीर बघितली. मग खाली, खिडकीलगत भिंतीला टेकलेली माझी बकेट बघितली. तिनं आधी गॅस बंद केला, मग आत वळली.

इंजिनीअर पळत आला. त्यानं भिंत बघितली, खड्डा बघितला, आणि मला म्हणाला, "किती वेळ धरता येईल?"

मी म्हटलं, "मशीन चालू आहे तोवर."

"मग हलू नका. मी टेकू आणतो."

तो जिकडून आला तिकडेच पळाला. गल्लीतल्या दोघा-तिघांच्या मोटरसायकली त्याच्यामागे गेल्या. दुसऱ्या एका कामावरून लोखंडी जॅक आणि लाकडी बल्ल्या आणायच्या होत्या, आणि सोबत एक जुना मिस्त्री. टेम्पो त्या गल्लीत येणार नव्हता. सगळं सामान चौकापासून खांद्यावर आणावं लागणार होतं.

मशीन उभी करून ठेवणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. बूम हवेत धरून ठेवला की तो तिथेच राहतो, पण अगदी तिथेच राहत नाही. तेलाचा दाब कणाकणानं उतरतो आणि बकेट नकळत खाली घसरते. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण त्या दिवशी बकेट बोटभर जरी खाली घसरली असती तरी तिनं भिंतीला सोबत ओढलं असतं. म्हणून मला थोड्या थोड्या वेळानं लिव्हर केसभर उचलावी लागे. जास्त उचलली तर धक्का, कमी उचलली तर घसरण. गादीवर निळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या. मी त्यातल्या एका पट्टीवर नजर ठेवली, आणि ती भिंतीवरच्या चुन्याच्या एका डागाशी जुळवून ठेवायचं काम करत राहिलो. केबिनचा एसी आठवड्यापासून बंद होता. मी डोक्याचा दुपट्टा ओला करून घेतला होता, तो केव्हाच वाळला.

पहिला अर्धा-पाऊण तास मला भीती वाटली. नंतर ती उतरली. करायचं काय ते ठरलेलं होतं, आणि ते एवढंसंच होतं.

गल्लीतली माणसं मागच्या दारानं घरातलं सामान काढू लागली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. फळीवरचे स्टीलचे डबे मोठ्यापासून लहानापर्यंत एकेक करून गेले. मसाल्याचा डबा गेला, पोळ्यांची परात गेली, भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. माणसांनी पुढच्या भिंतीजवळ यायचं नाही असं ठरलं होतं, पण आजीचा आवाज मागच्या गल्लीतून येतच होता, "लोणच्याची बरणी उभी ठेव गा, आडवी नको करू!" खोली रिकामी होत गेली तशी ती मला मोठी वाटायला लागली.

आजोबा मात्र निघेनात. मागच्या खोलीत माग होता आणि मागावर अर्धं झालेलं पातळ होतं. ते तसंच सोडून बाहेर यायला ते तयार नव्हते. शेवटी दोन शेजाऱ्यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. मग ते काठी टेकत पूर्ण वस्तीला वळसा घालून माझ्या मशीनच्या मागून गल्लीत आले. बारीक अंगाचे, बनियन आणि धोतर, चष्म्याला एका बाजूनं दोरी. कोणीतरी त्यांना समोरच्या घराच्या सावलीत खुर्ची दिली. ते बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी मला विचारलं,

"काय करून राहिला गा तू?"

"भिंत धरून राहिलो, आजोबा."

"हं. माग मागच्या खोलीत हाय. तिथपर्यंत येते का पडली तं?"

"वासे आत आले तर येईल. पण येणार नाही."

"उभ्या धाग्यांचा ताणा गेल्याच महिन्यात चढवला हो मी," ते म्हणाले. "पंधरा दिवस गेले त्यात."

"सुताला खळ घरीच लावता?"

माझ्या तोंडून सहज निघून गेलं. त्यांनी चष्मा सरळ केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुले काय मालूम खळीचं?"

मग सांगावं लागलं. मी उमरेडचा. आमच्या घरी दोन माग होते, त्यातला एक माझ्या वडिलांचा. मी शाळेतून आलो की मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांच्या शेजारी बसायचो. पुढे काम कमी झालं, वडिलांनी माग काढून ठेवला आणि एका गोदामावर राखणदारी धरली. मी ट्रॅक्टरवर बसलो, मग ट्रॅक्टरवरून मशीनवर. घरात यावर कधी भांडण झालं नाही. कोणी काही म्हटलंच नाही, बस.

आजोबांना एवढं पुरलं. त्यानंतर त्यांनी मला भिंतीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. उमरेडच्या किनारी कशा असायच्या, तांदळाची खळ बरी की ज्वारीची, हल्लीचं सूत हाताला कसं लागतं, यावर ते बोलत राहिले. मी पट्टीवरची नजर न काढता हो-नाही करत राहिलो. इंजिनच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं. पण त्या बोलण्यानं वेळ गेला, आणि माझा हात हलका राहिला.

दुपारी डिझेलचा काटा खाली आला. मजुरानं कॅन आणून इंजिन चालू असतानाच टाकी भरली. असं करू नये, पण त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता. टेकू अजून यायचे होते; जॅक मिळाले होते, बल्ल्या कमी पडत होत्या. मग आजी आली. तिच्या हातात शेजारच्या घरून आणलेलं ताट होतं. मशीन बंद आहे की चालू याची तिनं पर्वा केली नाही. मजुराच्या खांद्यावर हात ठेवून ती मशीनच्या लोखंडी चेनवर चढली आणि केबिनच्या दाराशी उभी राहिली.

"आजी, उतरा, पडाल."

"तू समोर पाह्य. मी नाई पडत."

पोळीत वांग्याची भाजी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची चटणी घालून तिनं घास केला आणि माझ्या तोंडापाशी आणला. मी इतका मोठा माणूस, मला दोन लेकरं. पण तोंड उघडलं. ती एकेक घास देत गेली आणि मी समोर बघत खात गेलो. मग पाण्याचा गिलास तोंडाला लावला.

"घोट घोट पी," ती म्हणाली. "जास्त नको. खाली उतरता येणार नाई तुले."

गल्लीत उभे असलेले सगळे हसले. मजूर तर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मलाही हसू आलं, पण हात हलू नये म्हणून मी ते गिळलं. आजी मात्र हसली नाही. तिनं पदराच्या टोकानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि खाली उतरली. उतरताना वळून स्वतःच्या घराच्या भिंतीकडे बघितलं. तेवढ्या एकाच वेळी तिचा चेहरा हलला.

बल्ल्या आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मिस्त्री आल्याबरोबर भिंतीच्या जवळ गेला नाही. लांबून बघितलं, मागच्या दारानं आत जाऊन बघितलं, छपराकडे बघितलं. मग इंजिनीअरशी बोलून त्यानं ठरवलं की भिंत वाचवण्यात अर्थ नाही, छप्पर वाचवायचं. आतून वाशांच्या खाली जॅक लावायचे, छपराचं ओझं त्यांच्यावर घ्यायचं, आणि मग भिंत वरून विटा काढत उतरवायची. इंजिनीअर स्वतः आत गेला. मी त्याला खिडकीतून बघत होतो. माझ्या बकेटच्या चार हात पलीकडे तो जॅकची चकती फिरवत होता. रिकामं घर पडलं असतं तर वाईट झालं असतं. आत माणूस असताना पडलं असतं तर काय, हा विचार मी येऊ दिला नाही. पट्टी आणि चुन्याचा डाग, पट्टी आणि डाग.

शेवटचा जॅक लागल्यावर मिस्त्रीनं हातोडीनं प्रत्येक वाशावर टकटक करून ऐकलं आणि माझ्याकडे वळून पंजा दाखवला: अजून थांब. मग दोघं जण शिडीवरून वरच्या विटा सोडवायला लागले. वीट काढायची, खाली हातात द्यायची, पुढची काढायची. मातीत बांधलेल्या जुन्या विटा सहज सुटत होत्या. भिंत जसजशी कमी होत गेली तसतसा मी बूम केसाकेसानं खाली घेत गेलो. भिंत खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आता सोड."

मी बकेट मागे घेतली. उरलेली भिंत उभीच राहिली. गादी खाली पडली. तिच्यावर बकेटचा मातकट ठसा उमटला होता. इंजिन बंद केलं तसं आजूबाजूचे सगळे आवाज एकदम कानात आले. कूलरची घरघर, कुत्र्याचं भुंकणं, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. मी उतरायला पाय खाली टाकला, तर पाय जागेवर नव्हताच. मजुरानं मला काखेत हात घालून धरलं, आणि मी त्याच्या खांद्यावर रेलून गल्लीच्या टोकाच्या सुलभ शौचालयापर्यंत गेलो. त्या दिवशी त्याहून मोठं सुख मला दुसरं कुठलं आठवत नाही.

पुढचे दिवस आजी-आजोबा शेजारच्या घरी राहिले. भिंतीच्या जागी हिरवी ताडपत्री टांगली होती. ठेकेदारानं आधी थोडी कुरकुर केली, पण इंजिनीअर हटून बसला आणि भिंत बांधून झाली. यावेळी पक्क्या पायावर, सिमेंटात. ओटाही झाला. गादी ज्यांची होती त्यांनी ती धुऊन परत वापरायला काढली. माग मागच्या खोलीत होता तसाच राहिला. फक्त त्यावर धूळ बसली होती म्हणून आजोबा दोन दिवस ब्रशनं ताण्यातला एकेक धागा झाडत बसले होते.

काम संपायच्या आधी आजोबांनी मला दोनदा बजावलं, "तुह्या बापाले घेऊन ये." मी एका रविवारी वडिलांना उमरेडहून बसनं बोलावून घेतलं. मला वाटलं होतं की गल्लीत गेल्यावर लोक त्यांना भिंतीची हकिकत सांगतील. सांगितलीही. वडिलांनी ऐकून घेतली, नवी भिंत हातानं चाचपली आणि "बरं झालं" म्हणाले. मग ते मागच्या खोलीत गेले आणि दोन तास बाहेर आले नाहीत. मी आजीसोबत ओट्यावर बसून चहा प्यायलो. आतून खट्-खट् ऐकू यायचं, थांबायचं, मग दोघांचं बोलणं, मग पुन्हा खट्-खट्. एका वेळी आवाजाची चाल बदलली, थोडी जलद झाली. आजीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"हे आमच्या म्हाताऱ्याचं नाई," ती म्हणाली. "हे तुह्या बापाचं हाय."

परतीच्या वाटेवर वडील बसस्टँडवर पोहे खात होते. मध्येच म्हणाले, "त्याच्या मागाचा धोटा जड आहे. मी त्याला सांगितलं." बस आली, ते चढले, खिडकीतून हात केला.

त्याला आता काही वर्षं झाली. मी पुन्हा मोकळ्या जागेवरच्या कामांवर असतो, मशीनही मोठी आहे. पण मध्ये मध्ये वस्तीतलं काम आलं तर नाही म्हणत नाही. एक सवय मात्र लागली. घराजवळ बकेट लावायच्या आधी मी खाली उतरतो, दार वाजवतो आणि आत कोण कोण आहे ते विचारून घेतो. गेल्या हिवाळ्यात कामठीला एका दारावर असाच गेलो. आतून एक माणूस अर्धी दाढी केलेल्या तोंडानं बाहेर आला.

"काय पाहिजे?"

"काही नाही, भाऊ. इथे खोदणार आहोत. घरात किती माणसं आहेत, विचारायला आलो."

तो माझ्याकडे, मग माझ्यामागच्या मशीनकडे बघत राहिला.

"आम्ही चौघं," तो म्हणाला. "आन एक बकरी हाय. मागच्या आंगनात."

"बकरी पुढच्या चौकात बांधा," मी म्हटलं. "आवाजानं बिचकते."

त्यानं गालावरचा साबण पुसला आणि बकरी आणायला आत गेला.